तुझ्या चित्रपटातली माझी हनुवटी

चि. भिंगरीस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (आशीर्वाद आहेत, पण जेवढ्यास तेवढे. कारण पुढे येईलच.) तुझं पित्त कसं आहे? पाठ कशी आहे? दिवसाचे बारा तास वाकून चित्रं काढणाऱ्या माणसाने दर तासाला उठून चार पावलं चालावीत, असं मी तुला मागच्या दोन्ही पत्रांत लिहिलं होतं. त्या पत्रांना उत्तर आलं नाही, आली ती तिकिटं. इकडे आई बरी आहे. तिच्या कानात नवं यंत्र बसवलंय, त्यामुळे आता तिला सगळं ऐकू येतं आणि आम्हाला कुणालाच खासगी बोलता येत नाही. तुझ्या भावोजींचा गुडघा धरलाय. (जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण लिफ्ट बंद असताना जिने चढून वर जाणारा माणूस कोण, तर हाच.) मी मात्र बरी नाही. मला काही झालेलं नाही, मी संतापलेय. आज अकरावा दिवस. एवढा टिकाऊ संताप मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो तुझ्यामुळे आलाय, म्हणून तुलाच लिहिते.

तुझा चित्रपट आम्ही पाहिला.

त्याआधी काय झालं ते ऐक, म्हणजे तुला तुझ्या अपराधाचं माप कळेल. तिकिटं आल्या दिवसापासून मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते की माझ्या धाकट्या बहिणीने अख्खा चित्रपट हाताने चित्रं काढून केलाय, लहान मुलीच्या एकटेपणाचा आणि मैत्रीचा आहे, परदेशातसुद्धा दाखवला. चष्म्याच्या दुकानात एक सोय असते. दोन बुबुळांमधलं अंतर मोजताना गिऱ्हाइकाला हलता येत नाही, त्यामुळे ते सगळं ऐकून घेतं. मी पंधरा-पंधरा मिनिटं अंतर मोजलं. आमच्या मालकांनी तर एरवी सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला दुकान बंद ठेवलं नसतं, पण त्या दिवशी दुपारी कुलूप लावून ते माझ्याबरोबर आले. मी, आई, तुझे भावोजी आणि मालक, असे चौघं मधल्या रांगेत जाऊन बसलो. मी ठेवणीतले कपडे घातले होते. शेवटी दिवे लागल्यावर कुणी विचारलंच, तर उभं राहून जरासं हसायचं, याची आरशासमोर तालीमही केली होती.

पहिली दहा मिनिटं फार छान होती, हे मी संतापातही कबूल करते. ती राखाडी इमारत, तिसऱ्या मजल्यावरची ती खोली, सामानाची अजून न सोडलेली खोकी आणि मधोमध बसलेली ती एवढुशी मुलगी. (डोळे एवढे मोठे काढलेस! सहा वर्षांची असताना तुझे डोळे शर्टाच्या गुंडीएवढे होते. मी रोज त्यात काजळ नाही, साबण घातलाय, मला माहीत आहे.) मी तुझ्या भावोजींना कोपराने ढोसून म्हटलं, आता मी येईन बघा. आणि मी आले.

म्हणजे आधी हनुवटी आली. मी मागाहून आले.

भिंगरे, मला एक सांग, माझी हनुवटी फावड्यासारखी होती का? वेण्या बैल बांधायच्या दोरखंडासारख्या होत्या का? गळ्यात अडकवलेली ती किल्ली आमटीच्या पळीएवढी होती का? आणि मी चालताना ती घंटेसारखी वाजायची का? संपूर्ण चित्रपटात मला तीनच वाक्यं दिलीस: ‘गप बस’, ‘दार उघडायचं नाही’ आणि ‘वेळ नाही’. एवढं बोलून मी कुलूप लावते आणि जाते. कुलूप लागल्यावर अख्ख्या थिएटरातून ‘अरेरे’ असा आवाज आला. आणि तो विरतो न विरतो तोच, नव्या यंत्राचा आवाज पूर्ण वाढवून बसलेली आपली आई खणखणीत म्हणाली, “अगं बाई, ही तर आपली थोरली!”

पुढच्या तीन रांगा वळल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मी हनुवटी पदराआड घेतली. तुझ्या भावोजींना खोकला आला. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांना रुमाल तोंडात कोंबावा लागेल असा खोकला मी पहिल्यांदाच पाहिला.

आता माझं म्हणणं ऐक. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. अकरा! नव्या जागी आलो ते वर्षाच्या मध्येच, त्यामुळे नव्या सत्रापर्यंत तुला शाळेत घेणार नाही, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. बाबा छापखान्यात. आई टेलिफोनच्या ऑफिसात, ती यायची तीनला. माझी शाळा बाराची. म्हणजे साडेअकरा ते तीन तुला सांभाळणार कोण? शेजारी अजून ओळखीचे नव्हते. म्हणून कुलूप. ते कुलूप बाबांनी आणलं, आईने लावायला सांगितलं आणि ‘हिच्यावर माझा भरवसा आहे’ असं म्हणून किल्ली माझ्या गळ्यात घातली. तुझ्या चित्रपटात कुलूप लावते मी आणि उघडते आई! ती दार उघडते तेव्हा बासरी काय वाजते, ऊन काय येतं! वा! छान वाटणी केलीस.

निघण्याआधी तुला भरवायचं, पाण्याचा तांब्या खाली ठेवायचा, काड्यापेटी कपाटावर टाकायची, स्टूल स्टोपासून लांब न्यायचं, लहान काटा कुठे आला की आई येईल ते घड्याळावर बोट ठेवून दाखवायचं, हे सगळं कोण करत होतं? आणि कुलूप लावून अर्ध्या रस्त्यात पोचल्यावर ते नीट लागलंय की नाही ते बघायला परत कोण येत होतं? पहिल्या आठवड्यात मी रोज परत आले. एकदा तर चार वेळा आले. मग शाळेला उशीर, मग वर्गाबाहेर उभं राहणं. मी त्या शाळेत इतका वेळ बाहेर उभी होते की नव्या मुलांना वाटायचं मी शाळेची शिपाई आहे. यातलं काही तुझ्या चित्रपटात आहे? एक वर्गाचं दार? एक व्हरांडा? काही नाही. एकटेपणा सगळा तुझ्या वाट्याला, आणि माझ्या वाट्याला किल्ली!

समोरच्या खिडकीतली ती मुलगी आल्यावर सगळं थिएटर विरघळलं, तेही सांगते. पलीकडच्या इमारतीत ती एक मोजा वर धरते, तू चमचा धरतेस, ती उशी धरते, तू फ्लॉवरचा गड्डा धरतेस, आणि दोघी काही न बोलता हसता. माझ्या शेजारी आमचे मालक, ज्यांनी गिऱ्हाइकाला कधी नुसता हसरा चेहरासुद्धा दिला नाही, ते चष्मा काढून पुसत होते. (त्यांच्या चष्म्याला काही झालं नव्हतं, तो मीच बसवलाय.) रडले मीही, पण ते हनुवटीमुळे. मग तू म्हणतेस, “मला तिच्याकडे ने ना,” आणि मी म्हणते, “वेळ नाही.” मी असं कधीही बोलले नव्हते! मग एके दिवशी ती खिडकी रिकामी. तू तुझा एक मोजा धरून उभी. मागे दार उघडतं, किल्ली वाजते, हनुवटी आत येते, आणि चित्रपट संपतो. म्हणजे त्या मोजेवालीचे आईबाप घर बदलून गेले त्याचा ठपकासुद्धा माझ्यावर!

दिवे लागल्यावर कुणी मला काही विचारलं नाही. सगळे बाजूला सरकून मला वाट देत होते.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात माझी काय शोभा झाली ते विचारू नकोस. मालकांनी कौतुकाने तुझ्या चित्रपटाचं पोस्टर काउंटरमागे लावलं, नेमकं माझ्या डोक्यावर. एका बाईंनी नंबर तपासायला आणलेल्या मुलाला माझ्याकडे देण्याआधी विचारलं, “दार उघडंच ठेवाल ना?” पोस्टमननेसुद्धा हाक मारली, “काय कुलूपताई!” शेवटी चौथ्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी थिएटरच्या मॅनेजरकडे जाऊन उभी राहिले. म्हटलं, यातली चार मिनिटं कापा.

“बाई, तुम्ही या चित्रपटाच्या कोण?” त्यांनी विचारलं.

“मी हनुवटी,” मी म्हटलं. रागात दुसरा शब्दच सुचला नाही.

त्यांनी निरखून पाहिलं आणि खुर्ची दिली. माणूस भला होता. कापणं त्यांच्या हातात नव्हतं, पण म्हणाले, गुरुवारी एका शाळेची चाळीस मुलं येणार आहेत, चित्रपटानंतर तुम्ही त्यांच्याशी बोला, तुमची बाजू मांडा. मला ते एकदम पटलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते हेच, असं वाटलं. दोन दिवस खपून मी भाषण लिहिलं. त्यात काड्यापेटी होती, स्टूल होतं, चार वेळा परत येणं होतं. तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “न्यायालयात नाही जायचंय, मुलं आहेत ती.” मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

गुरुवारी मी पडद्यासमोर उभी राहिले. भाषण वाचलं. मुलं गप्प होती, म्हणजे त्यांना पटलं असं मी समजले. मग शिक्षिका म्हणाल्या, कुणाला काही विचारायचंय? एकाने विचारलं, किल्ली खरंच तेवढी मोठी होती का. दुसऱ्याने विचारलं, तुमची हनुवटी मग लहान कशी झाली, ऑपरेशन केलं का. मी धीराने उत्तरं दिली. मग दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. तिच्या चष्म्याची एक दांडी वर, एक खाली. (मला ते बघवेना. मी आधी खाली उतरून तो सरळ करून दिला, मग म्हटलं, विचार.) ती म्हणाली, “मग तुमची मैत्रीण कोण होती?”

मी म्हटलं, मला वेळच नव्हता ना गं. त्यावर ती म्हणाली, “पण असतेच ना कुणीतरी.” शिक्षिकांनी तिला खाली बसवलं. मी भाषणाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. तेव्हापासून मी कुणाशी भांडलेले नाही. तुझ्या भावोजींनी दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

असो. तर माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पुढच्या वेळी हा चित्रपट कुठे दाखवशील तेव्हा हनुवटी निम्मी करावी. किल्लीचा आवाज काढून टाकावा. ‘वेळ नाही’ हे वाक्य गाळावं. आणि शेवटी जी नावं वर सरकत जातात, त्यांत ‘कुलूप लावणाऱ्या बहिणीचं वय अकरा होतं’ एवढं एक वाक्य घालावं. मोठ्या अक्षरात. आमच्या मालकांनासुद्धा चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

दर तासाला उठत जा. रिकाम्या पोटी चहा घेऊ नकोस.

तुझी अन्यायग्रस्त
ताई

ता. क. आईचीही एक तक्रार आहे. दार उघडताना तुझ्या चित्रपटात तिच्या फक्त चपला दिसतात. ती म्हणते, “थोरलीची निदान हनुवटी तरी काढली.” मी तिला सांगितलं, तुला बासरी मिळालीय, गप्प बस.

ता. क. दुसरा. ‘वेळ नाही’ हे मी म्हटलं होतं.

पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. तू म्हणालीस, मला तिच्याकडे ने. मी म्हटलं, वेळ नाही. मग तू म्हणालीस, निदान नाव तरी विचारून ये. ते तुझ्या चित्रपटात नाही, म्हणजे तू विसरलीस. मी विसरले नाही. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी समोरच्या इमारतीत गेले. आधी चुकीच्या जिन्याने एका दातांच्या डॉक्टरच्या दारात पोचले, मग तिच्या. दार तिच्या आत्याने उघडलं. ती खिडकीशी खुर्चीत होती, पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. नऊ वर्षांची. जिन्यावरून पडली होती. मी नाव विचारायच्या आत तिनेच विचारलं, “ती समोरची रोज कुत्र्याचं पिल्लू दाखवते, ते चावतं का गं?”

मी म्हटलं, तो फ्लॉवर आहे.

ती इतकी हसली की आत्या धावत आली. तिची नजर कमी होती आणि ते तोवर घरात कुणालाच कळलं नव्हतं. मी आणखी काहीतरी बोलले, ती आणखी हसली. घरात मला सगळे कामं सांगायचे, शाळेत मला सगळे बाहेर उभं राहायला सांगायचे. तिने मला म्हटलं, “अजून सांग ना.” मी सहा वाजेपर्यंत बसले. आणि घरी येऊन तुला सांगितलं, कुणी नव्हतं, त्यांच्या दाराला कुलूप होतं.

मग मी रोज गेले. चार महिने. घरी सांगितलं, शाळेत कवायतीचा जादा वर्ग असतो. (आई अजून लोकांना सांगते की थोरली कवायतीत पहिली होती.) तुला दिसू नये म्हणून मी खिडकीखाली जमिनीवर बसायचे. आई घरी आल्यावरसुद्धा तू संध्याकाळी खिडकीत यायचीस, काहीतरी धरायचीस, आणि तिला दिसायचं नाही. मग मी नुसते डोळे वर काढून बघायचे आणि तिला सांगायचे, चमचा आहे, फणी आहे, बाबांचा बूट आहे. उशी तिने दाखवली ती मीच तिच्या हातात दिली होती. तुला आत आणलं असतं तर चाललं असतं. तिने कितीदा म्हटलं. पण माझ्याकडे तेव्हा माझं असं एकच होतं, आणि घरात आलेली प्रत्येक वस्तू मला तुझ्याबरोबर वाटून घ्यावी लागायची. ही मी वाटली नाही. मी अकरा वर्षांची होते, हे वर लिहिलंच आहे. तिथे ते बचाव म्हणून लिहिलं होतं. इथे नुसतंच लिहिते.

घर बदलायच्या आदल्या दिवशी तिने तुझ्यासाठी एक कागद माझ्याकडे दिला. त्यावर तिचं नाव आणि नवा पत्ता, मोठ्या अक्षरात, कारण तू नुकती अक्षरं लावायला शिकत होतीस. उद्या देईन म्हणत तो माझ्या कंपासपेटीत राहिला. सोबत जोडला आहे. पत्ता आता उपयोगाचा नाही, ती इमारत पाडली.

ता. क. तिसरा. तिच्याशी माझा संबंध सुटला नाही. दोन बस बदलल्या की तिचं घर. एक्केचाळीस वर्षं झाली. तुझे भावोजी तिला ‘ती नंबर बदलणारी बाई’ म्हणतात, त्यांना ती दुकानाची गिऱ्हाईक वाटते. माझ्या लग्नात निळ्या कपड्यांतल्या एका मुलीला तू पाण्याचा पेला दिला होतास आणि ‘तुम्ही कुणाकडच्या?’ असं विचारलं होतंस. ती म्हणाली, “तुझ्या ताईकडची,” आणि मी मांडवात उभी राहून घामाने भिजले. ती.

परवा मी तिला तुझ्या चित्रपटाला नेलं. माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं. रिकाम्या खिडकीपाशी आल्यावर ती मला म्हणाली, “तिला कधीच कळलं नाही?” बाहेर आल्यावर म्हणाली, आठवड्याच्या आत तू लिही, नाहीतर मी लिहिते. म्हणून हे पत्र. आत्ता ती माझ्यासमोर बसून त्याची सुरुवातीची पानं वाचतेय. ती म्हणते, एवढं सगळं फाड आणि फक्त दुसरा ताजा कलम पाठव. मी फाडणार नाही. हनुवटीबद्दल मी म्हणाले ते सगळं खरं आहे.

तू ये. येत्या सुट्टीत ये, नाहीतर सुट्टी काढून ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी दुकानात जाऊन बसेन, पण तिच्यासाठी ये. तिला तुला एक विचारायचंय. त्यांचं सामान खाली उतरवत होते त्या शेवटच्या दिवशी मला परीक्षा होती, म्हणून मी खिडकीखाली नव्हते. तू खिडकीत काहीतरी धरलं होतंस, खूप वेळ, दोन्ही हातांनी. चित्रपटात तू मोजा काढलास, पण ती म्हणते, मोजा नव्हता. पांढरं होतं, हातभर लांब होतं आणि हलत होतं. तिला दिसलं नाही, आणि सांगायला कुणी नव्हतं.

काय होतं ते?